केकवाल्या काकूंची सुई

केकवाल्या काकूंचा जगात एकाच गोष्टीवर पूर्ण विश्वास होता, सुईवर. विणकामाची, स्टीलची, हातभर लांब. केक ओव्हनमधून निघाला की ती त्याच्या पोटात खुपसायची, बाहेर काढायची आणि खिडकीच्या उजेडात एक डोळा मिटून बघायची. कोरडी निघाली तर केक झाला. ओली, चिकट निघाली तर कच्चा. मधलं काही नाही. "थर्मामीटर घेऊ या का?" असं काका एकदाच म्हणाले होते. काकूंनी सुई त्यांच्याकडे अशी रोखली, की काका चहा करायला आत गेले ते रात्रीच बाहेर आले.

पण सुई घरात चालते, चढावर नाही. टेकडीवरच्या लग्नाच्या हॉलला केक पोचवताना काकूंची जुनी गाडी ऐन चढावर आचके देत बंद पडली, आणि तीनमजली केकचा वरचा मजला मागच्या सीटवर बसलेल्या काकांच्या मांडीवर उतरला. नवरीच्या आईने जो आवाज काढला, तो काकूंच्या कानात अजून वाजतो. आता त्याच बाईच्या धाकट्या मुलीचं लग्न येत्या शनिवारी होतं. "तुम्हालाच देतेय हो ऑर्डर," तिने फोनवर बजावलं, "पण या वेळी केक उभा आला पाहिजे. थोरलीला आडवा कापावा लागला!" पुन्हा फजिती झाली असती तर त्या हॉलचं दार काकूंना कायमचं बंद, आणि त्या हॉलच्या जिवावर तर ओव्हन पेटत होता.

म्हणून इंजिन दगा देणार नाही अशी एखादी सेकंडहँड छोटी गाडी हवी होती. दोन पसंत होत्या, एक करडी आणि एक लाल. काकूंचे दीर गॅरेजवाले. पण त्यांच्याकडे एक ट्रक पाय पसरून बसला होता. "वहिनी, तुम्ही बघून ठेवा, मी मागाहून येतो," ते म्हणाले. "मी येईपर्यंत हो म्हणू नका. मान हलवू नका. हसूसुद्धा नका."

करडी गाडी एका निवृत्त मास्तरांची. मास्तर बारीक, गाडी बारीक, दोघांनाही खोकला.

"सकाळपासून सुरू केलेली नाही," मास्तर म्हणाले. "मुद्दाम. थंड इंजिन खरं बोलतं."

किल्ली फिरली. खॉक्. खॉक्-खॉक्. घुर्रर्र.

"पहिली दोन मिनिटं खोकते," असं म्हणून मास्तर स्वतःच खोकले. "मग थांबते. मी थांबत नाही."

काकूंनी बॉनेट उघडायला लावलं आणि तेल मोजायची पट्टी ओढून काढली. त्यांच्या दृष्टीने ती सुईच, फक्त चपटी. टोक काळं, ओलं, चिकट! काकूंनी काकांकडे असं पाहिलं, जसं नापास मुलाच्या बापाकडे बघतात.

"कच्ची आहे," त्या कुजबुजल्या.

"अगं, पण मी वाचलंय की..." काका गाड्यांबद्दल महिनाभर वाचत होते आणि सूचनाफलकासारखे बोलत होते. "मुद्दा क्रमांक एक, धुराचा रंग पाहावा. मुद्दा क्रमांक दोन..."

"सुईपुढे मुद्दे नाहीत. चला."

लाल गाडी एका दलालाच्या शेडमध्ये होती. ती अशी चकाकत होती, की काकूंनी तिच्यात बघून केस नीट केले. दलालाचा शर्टही तसाच चकाकत होता. बोलणाऱ्याची बोरं विकली जातात म्हणतात, याने तर बियासुद्धा विकल्या असत्या.

"या मॅडम, या सर! इंजिन? लोणी! विषय संपला. आवाज ऐका. येतोय? नाही येत! विषय संपला."

काकूंनी बॉनेटवर हात ठेवला. गरम. त्यांचा चेहरा उजळला. "बघा, आधीच तापवून ठेवलंय! थंड ओव्हनमध्ये केक कधी टाकू नये. शिस्तीचा माणूस आहे."

दलालाने घाईघाईने मान डोलावली. मग काकूंनी पट्टी काढली. कोरडी. लखलखीत. टोकापर्यंत स्वच्छ.

"आहाहा! काय सुंदर झालीय!"

"झाली?" दलाल म्हणाला. "म्हणजे... हो, झालीच की! विषय..."

"घेऊन टाकू," काकू काकांना म्हणाल्या. मान हलली, हसूही आलं. काकांचा हात खिशाकडे गेला, तेवढ्यात भाऊजी स्कूटरवरून उतरले.

"या भाऊजी! ही बघा सुई. एक कण चिकटलेला नाही! आणि इंजिनही आधीच तापवून ठेवलेलं!"

भाऊजींनी पट्टी पाहिली. वहिनींकडे पाहिलं. पट्टी पुसून आत घातली, पुन्हा काढली. पुन्हा कोरडी. मग ते शेडमधल्या एका जुन्या टायरवर बसले आणि त्यांचे खांदे हलायला लागले. काकूंना वाटलं, रडतायत.

"वहिनी," डोळे पुसत ते म्हणाले, "कोरडी म्हणजे आत तेलच नाही हो! हे इंजिन तेल पितंय. आणि तुम्ही येण्याआधी तापवलंय का, तर थंड असताना कसं कण्हतंय ते कळू नये म्हणून."

"आत्ताच पुसली होती मी पट्टी," दलाल म्हणाला.

"मी पण आत्ताच पुसली. तुमच्यासमोर." भाऊजी उठले. "विषय संपला."

काकू अगदी बारीक आवाजात, "आणि मास्तरांची? ती तर काळी, ओली होती."

"ओलीच हवी! काळी झालीय म्हणजे तेल बदलायला आलंय, एवढंच. दुधासारखी पांढरट असती तर मात्र पळा, तेलात पाणी शिरलेलं असतं."

"पांढरट असती तर मी डोळे मिटून घेतली असती," काकू म्हणाल्या. "मला वाटलं असतं, क्रीम."

संध्याकाळी भाऊजींनी करडी गाडी थंड असताना सुरू केली, चढावर नेली, उतरवली, खाली वाकून पाहिलं आणि म्हणाले, "खोकला वरवरचा आहे, छाती दणकट आहे." मास्तरांनी किल्ली देताना गाडीच्या टपावर थोपटलं आणि दोघं एकदम खोकले.

शुक्रवारी केक ओव्हनमधून निघाला. काकूंनी सुई खुपसली, काढली. कोरडी ठणठणीत! काकू किंचाळल्या, "अहो! तेल!"

"अगं, हा केक आहे," काका म्हणाले.

शनिवारी काका मागच्या सीटवर केकला दोन्ही हातांचा विळखा घालून बसले. मांडीवर या वेळी जुना टॉवेल होता, अनुभवाने आलेला. ऐन चढावर, जुनी गाडी बंद पडली होती त्याच वळणावर, करडी खोकली. खॉक्. काकांनी डोळे मिटले. काकूंनी गिअर खाली आणला आणि देवाऐवजी मास्तरांचं नाव घेतलं. घुर्रर्र करत गाडी वर! तीन मजले, सरळ उभे.

पण काकूंना आता राहवेना. केक उतरवायच्या आधी त्यांनी बॉनेट उघडलं, पट्टी खेचली आणि उन्हात धरली. टोक छान ओलं.

"ओली आहे!" हॉलच्या पायऱ्यांवरून ऐकू जाईल अशा आवाजात त्या ओरडल्या. "ओली आहे हो!"

काकूंची सुई चांगली ठाऊक असलेली नवरीची आई पायऱ्या उतरता उतरता जागीच थिजली. "अगंबाई! या वेळी कच्चा राहिला?"