चित्राखालची जागा

"काका, तुम्ही बाहेर कट्ट्यावर बसा ना. तिथं हवा छान येते."

मालकीणबाई हसून म्हणाल्या. आणि माझा बा उठला.

लगेच उठला. का, कशाला, काही विचारलं नाही. आवाज न करता खुर्ची मागं सारली, ताट उचललं आणि दाराकडं निघाला. जन्मभर तेच केलेलं. कुणी ऊठ म्हटलं की उठायचं.

आम्ही हरसूलकडच्या डोंगरातले आदिवासी. मी नाशिकला सरकारी दवाखान्यात नर्स होते. बाच्या डोळ्याचं ऑपरेशन तिथंच झालं. त्या दिवशी पट्टी सुटली, काळा चष्मा मिळाला. बा म्हणाला, "गंगा दाखव." गोदावरीवर, रामकुंडापाशी नेलं. येताना त्याला भूक लागली.

पंचवटीत तेव्हा तब्येतीच्या खाण्याचं नवं हॉटेल निघालं होतं. काउंटरवर सांगायचं, आपलं ताट आपणच टेबलावर आणायचं. मोड आलेले मूग, सॅलड, ताक, नाचणीची भाकरी. बाहेर यात्रेकरूंच्या गाड्या, आत मुंबईचे, गुजरातचे लोक.

नाचणी म्हणजे आमची नागली. शहरात होस्टेलला होते तेव्हा माझ्या डब्यात तीच असायची. मुली म्हणायच्या, "शेण थापून आणलंस का गं?" मी ओढणीखाली धरून खायचे. इथं तीच बोर्डावर सगळ्यात वर. बानं घास मोडला. खूश होऊन म्हणाला, "आपलीच हाय की ही!"

तेवढ्यात बाई आल्या होत्या.

आत दोन टेबलं रिकामी होती. मला दिसत होती. पण बा कट्ट्यावर उकिडवा बसलाही होता. मी माझं ताटही कट्ट्यावर ठेवून त्याच्याशेजारी उभी राहिले. घास हातातच.

एका पर्यटकानं गळ्यातला कॅमेरा सावरला. बाच्या दिशेनं बोट करून बाईंशी काहीतरी बोलला. आत भिंतभर वारली चित्र काढलेलं होतं. तारपा वाजवणारा, भोवती नाचणारी माणसं. बाई लगबगीनं बाहेर आल्या.

"काका, आत या. त्या चित्राखाली बसा, भाकरी हातात धरा. आणि तो चष्मा तेवढा काढा."

बाचा हात चष्म्याकडं गेला. मी मनगट धरलं.

"चष्मा काढायचा नाही, बा."

"अगं, एकच फोटो," बाई म्हणाल्या.

"मघाशी आम्ही खुर्चीवर नको होतो. आता भिंतीपाशी हवे?"

"तसं नाही गं. गिऱ्हाइकांना कसंतरी वाटतं, इतकंच. तू शिकलेली दिसतेस. तुला कळायला हवं."

"कळलं मला."

मी दोन्ही ताटं उचलली. आत गेले. मधल्या रिकाम्या टेबलावर ठेवली. "बा, इथं बस."

बा दारातच थांबला. त्यानं बाईंकडं पाहिलं. बसू का, असं. त्या नजरेनं माझ्या अंगाची आग झाली.

"तिला नको विचारू!"

मी ओरडलेच. चमचे थांबले. बा आला. बसला.

"तमाशा करू नकोस," बाई दबक्या आवाजात म्हणाल्या.

"आम्ही जेवतोय."

चव कसलीच लागली नाही. पण ताट संपेपर्यंत मी हलले नाही. कॅमेरेवाला दुसरीकडं बघत होता.

जीपमध्ये बा चिडला. "कशाला भांडली? चार घास बाहेर खाल्ले असते तं काय मेलो असतो?"

"तू नसता मेलास, बा."

तो मला शाबासकी देईल असं वाटलं होतं. नाही दिली. कधीच नाही.

ठीक आहे. मी त्याच्या शाबासकीसाठी थांबणार नव्हते. त्या जीपमध्येच ठरवलं. कुणी सांगितलं म्हणून जागा सोडायची नाही. गोड बोलून सांगितलं तर मुळीच नाही. मला उठवायचं असेल तर कारण सांगावं लागेल. खरं कारण. मोठ्यानं, चारचौघांत.