पानाच्या पोटातली अळी

कृषी खात्यातून मी निवृत्त झालो, पण सल्ले देण्यातून झालो नाही. पांढुर्ण्याच्या बाजारात सावरगावची एक बाई मेथी घेऊन बसायची. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. गिऱ्हाईक नसलं की ती पांढऱ्या नागमोडी रेघांची पानं खुडायची आणि रेघेच्या टोकाशी अंगठ्यानं चिरडायची.

एकदा तिच्या जुडीत अशी दोन पानं राहिली होती. मी भर बाजारात व्याख्यान दिलं, "ही नागअळी! हिनं फवारणी केली नाही. घेऊ नका." चार बायांनी हातातल्या जुड्या परत टाकल्या.

ती म्हणाली, "अळी पानाच्या पोटात बसून राहिली साहेब, अन् तुम्ही पाठीवर औषध मारून राहिले!"

भरली टोपली उचलून ती गेली. पुन्हा त्या जागी दिसली नाही.

घरी मी तोंडाला फडकं बांधून तीन कुंड्यांतल्या मेथीवर पंप चालवला. रेघा वाढतच गेल्या. शेवटी अंगठाच वापरला. शेजाऱ्यांना मात्र ही 'माझी शास्त्रीय पद्धत' म्हणून शिकवली.

पद्धत तिची आहे. मेथीही चांगली होती. हे बाजारात ओरडून सांगायला हवं होतं. इथं कागदावर सांगतोय, जिथं एकही गिऱ्हाईक उभं नाही.