चेंबरच्या झाकणावरचे दोन दगड

माझ्या पीएचडीच्या प्रबंधाला सुरुवातीलाच आभाराचं एक पान आहे. त्यात गाईड सर आहेत, ग्रंथालय आहे, आईवडील आहेत आणि शेवटी रीतीप्रमाणे ‘ज्ञात-अज्ञात सर्व’ आहेत. ज्या माणसामुळे तो प्रबंध पुरा झाला, त्याला मी या ज्ञात-अज्ञातांच्या गर्दीत ढकलून मोकळी झाले. तेव्हा वाटलं, पाटकऱ्याचं नाव विद्यापीठाच्या कागदात कसं दिसेल! आज त्याची लाज वाटते. आभार उशिरा मानले तरी चालतात, असं आमची आई म्हणते, म्हणून हे लिहायला घेतलं आहे.

आमचं घर बेळगावातलं. वडील हेडमास्तर, काका वकील, शेतीशी आमचा संबंध ओळखीच्यांकडून येणाऱ्या काकवीच्या डब्यापुरता. मी व्यवस्थापन शिकले आणि माणसांच्या संस्था कशा रचलेल्या असतात हा विषय संशोधनाला घेतला. कोण कुणाला हुकूम देतो, कोण कुणाला जाब देतो, निर्णय नेमका कुठं होतो, असला तो विषय. सरांचं एक ठाम मत होतं: “कुठलीही संस्था म्हणजे चौकटी आणि रेषा. चौकटीत माणूस, रेषेवर अधिकार.” सर घरी ताटातल्या भाजी-आमटीचीही आकृती काढत असावेत, असं आम्ही विद्यार्थी पाठीमागे म्हणायचो. पण त्यांच्या शिस्तीचा धाक होता, आणि तो धाक मला उपयोगी पडला हेही खरं.

अभ्यासाला मी निपाणीच्या अलीकडे हायवे सोडून आत असलेल्या एका गावची पाणीपुरवठा संस्था निवडली. नदीवर मोटारी बसवायच्या, पाइपातून पाणी वर माळाला चढवायचं आणि सभासदांच्या उसाला पाळीपाळीनं द्यायचं, एवढंच तिचं काम. दर आठवड्याला मी बेळगावहून निपाणीची बस धरायची, फाट्यावर उतरायची आणि वही छातीशी धरून चालत गाव गाठायचं. सेक्रेटरी भला माणूस होता. ठराव कन्नडमध्ये लिहायचा, भांडणं मराठीत ऐकायचा आणि मला दोन्ही इंग्रजीत समजावून सांगायचा. पहिल्याच महिन्यात मी झकास आकृती काढली. वर सभासदांची सभा, खाली संचालक मंडळ, चेअरमन, सेक्रेटरी, मोटारीवरचा माणूस आणि सगळ्यांत तळाला पाटकरी.

पाटकरी म्हणजे शेताशेतांत झाकणाच्या सिमेंटी चेंबरमध्ये बसवलेले व्हॉल्व्ह उघडून पाणी सोडणारा. सगळं गाव त्यांना आप्पा म्हणायचं, मग मीही म्हणू लागले. साठीच्या आसपासचे, उंच, काटकुळे. खांद्यावर व्हॉल्व्ह फिरवायची लोखंडी चावी. ते पुढं चालायचे आणि मी मागनं प्रश्न विचारत पळायची.

“आप्पा, हा निर्णय तुम्ही कुणाला विचारून घेतला?”

“कसला निर्णय गं? पाणी सोडलं न्हवं!”

“पण यादीत आधी दुसऱ्याचं नाव आहे.”

“त्येच्या घरात बारसं हाय आज. पाणी कोण धरणार? पाव्हणं?”

मी लिहून घ्यायची: ‘पाटकऱ्याचे निर्णय नोंदीविना होतात.’ वाक्य मला फार आवडलं होतं. संस्थेनं अभ्यासाला परवानगी दिली म्हणून मी त्यांना सहा पानांचं एक टिपण करून दिलं, त्यात हे वाक्य ठळक अक्षरात टाकलं. कुणी मागितलं नव्हतं. उंटावरच्या शहाण्याला कुणी बोलवावं लागत नाही.

आता त्या गावची एक रीत सांगते, जी मला तेव्हा ठाऊक नव्हती. पाळी पंधरा दिवसांनी येते. पण उसाचं रोप लावलं की चौथ्या दिवशी हलकं पाणी द्यावंच लागतं. त्याला आंबवणी म्हणतात. यादीत आंबवणीला जागा नाही. मग ज्याला गरज असेल त्यानं संध्याकाळी आपल्या चेंबरच्या झाकणावर एक दगड ठेवायचा. दुसऱ्या दिवशी ज्याची पाळी असेल त्याला आपली पाळी सोडणं जमत असेल तर त्यानं शेजारी दुसरा दगड ठेवायचा. नसेल जमत तर गप्प राहायचं. सकाळी पाटकरी येतो, दोन दगड दिसले की पाणी गरजवंताकडे वळवतो. एका चेंबरवर चार-पाच शेतं असतात. दगड कुणाचा ते पाटकऱ्याला शेताकडे बघून कळतं. कुणी कुणाकडे हात पसरायचा नाही, कुणी कुणाला तोंडावर नाही म्हणायचं नाही. आणि नकाराबद्दल नंतर विचारायचं तर मुळीच नाही. संस्थेचा व्हॉट्सॲप ग्रुप होता, त्यावर पाळीची यादी यायची, सकाळी फुलंही यायची. पण अशी मागणी त्यावर कुणी कधी टाकली नाही. चारचौघांत मागणं ते मागणंच.

उन्हाळ्याची सुरुवात होती. सरांनी सांगितलं होतं, प्रबंधात फोटो स्वच्छ हवेत, चेंबरचे नंबर वाचता आले पाहिजेत. संध्याकाळी परतीच्या बसआधी मी एका चेंबरपाशी गेले. झाकणावर रंगानं घातलेला नंबर दोन दगडांखाली झाकला गेला होता. एक फोटो काढला, नंबर दिसेना. मग मी दगड उचलून गवतात टाकले, ओढणीनं झाकण पुसलं, दुसरा फोटो काढला आणि फाट्याकडे निघाले. फोटो छान आला होता. बसमध्ये तो मी दोनदा बघितला.

पुढच्या आठवड्यात गेले तर सेक्रेटरीचा चेहरा उतरलेला. त्यानं सांगितलं ते असं. त्या चेंबरवरच्या एका आक्कांनी रोप लावलं होतं. नवरा वारल्यापासून त्या एकट्याच दीड एकर बघत होत्या. आंबवणीसाठी त्यांनी दगड ठेवला. शेजारच्या अण्णांची पाळी होती. ते कागलच्या कारखान्यात कामाला, त्यांनी घरी येता येता दुसरा दगड ठेवला आणि पहाटे ड्युटीवर गेले. सकाळी झाकण मोकळं. आप्पांना वाटलं, आक्कांनी कुणाच्या विहिरीवरनं सोय केली असेल. त्यांनी यादीप्रमाणे अण्णांच्या उसात पाणी सोडलं. आक्का बांधावर आल्या, त्यांनी मोकळं झाकण बघितलं, अण्णांनी माझाच दगड फेकून दिला असं समजल्या आणि एक शब्द न बोलता घरी गेल्या. विचारायचं नसतं ना! त्याच दिवशी ट्रान्सफॉर्मर जळाला, दोन दिवस मोटारी बंद. अर्धं रोप करपलं.

“आता अण्णा म्हंत्यात, मी दगड ठेवलोतो. आक्का म्हंत्यात, न्हवता. मग आप्पानंच मुद्दाम डोळेझाक केली म्हणून तक्रार आलीया. आणि संचालकांतल्या एकाला आयतं कोलीत मिळालं. त्येला पाटकरी बदलून ठेक्यानं माणूस लावायचाय. ह्ये बगा, तुमचंच वाक्य त्येनं तक्रारीला जोडलंय.”

माझं ठळक अक्षरातलं वाक्य कुणीतरी लाल पेनानं अधोरेखित केलं होतं. रविवारच्या वार्षिक सभेत आप्पांना काढायचा ठराव येणार होता.

मी मोबाईल उघडला. दोन्ही फोटो होते. पहिल्यात दोन दगड, दुसऱ्यात स्वच्छ नंबर. माझ्या तोंडचं पाणी पळालं. सेक्रेटरीला दाखवायचं धाडस काही झालं नाही. ‘बस चुकेल’ म्हणून उठले.

वाटेत आप्पा भेटले. मी विचारलं, “आप्पा, तुम्ही काय सांगितलंत त्यांना?”

“काय सांगायचं? माज्या नजरंतनं सुटलं म्हटलं.”

“पण दगड नव्हतेच तर?”

“नव्हते म्हटलं तर अण्णा खोटा पडतोय. होते म्हटलं तर मी. मी पडलो तर चालंल.” आणि चावी खांद्यावर टाकून ते पुढं गेले. मी तिथंच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. आजही तो रस्ता आठवला की स्वतःचा राग येतो.

बेळगावात सरांना सगळं सांगितलं. सरांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, “संशोधकानं संस्थेच्या कारभारात ढवळाढवळ करू नये.” मी म्हटलं, “सर, ढवळाढवळ करून झाली आहे.” त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, “हे तिथं सांगितलंत तर या गावात तुमचं काम होईल असं वाटत नाही. दोन वर्षं जातील. तुमचं तुम्ही ठरवा.” तेवढं त्यांनी माझ्यावर सोडलं, याबद्दल त्यांचेही आभार. वडील मात्र एका वाक्यात मोकळे झाले: “ताकाला जाऊन भांडं लपवू नये.”

रविवारी देवळाच्या मंडपात सभा होती. बाया एका बाजूला, पुरुष एका बाजूला, आप्पा खांबाला टेकून उभे. विषय निघाला. त्या संचालकांनी माझं वाक्य वाचून दाखवलं, वर “बेळगावच्या म्याडमनी अभ्यास करून लिवलंय” अशी पुस्तीही जोडली. मी उठले. म्हणाले, “दगड होते. मी काढले. नंबर दिसावा म्हणून.” आणि मोबाईल चेअरमनच्या हातात दिला.

मोबाईल एका हातातनं दुसऱ्या हातात फिरत राहिला. फोटो मोठा करून बघायची प्रत्येकाची वेगळी तऱ्हा. बायांच्या बाजूला तो आक्कांच्या हातात गेला. त्यांनी बराच वेळ बघितला. मग सगळ्यांसमोर मला फैलावर घेतलं. “इतकी शिकलीस आणि दुसऱ्याच्या वस्तूला हात लावू नये एवढं न्हाय शिकवलं व्हय तुला? आठ दिस मी ह्या अण्णांच्या बायकोसंगं बोलले न्हाय!” मी रडायला लागले. त्या आणखी चिडल्या. “रडतीयास कशाला? माझं रोप गेलंय, तुझं काय गेलंय?” एवढं म्हणून त्या वळल्या आणि अण्णांना म्हणाल्या, “अण्णा, चुकलं माझं.” अण्णा मान खाली घालून म्हणाले, “सांदायला रोप म्या आणतो, आक्का. टेम्पो हाय.” करपलेल्या जागी नवं रोप घालणं म्हणजे सांदणं. पुढच्याच आठवड्यात ते सांदलं गेलं, आणि एक ओळ मीही लावली. वाकडी लागली, आक्कांनी ती उपटून पुन्हा लावली.

ठराव कुणी मांडलाच नाही. चेअरमननी घसा खाकरून पुढचा विषय घेतला. रीत लिहून काढावी का, असं कुणीतरी विचारलं. त्यावर तीनचार जण एकदम “नको” म्हणाले आणि मंडप हसला.

सभा सुटल्यावर आप्पा फाट्यापर्यंत सोडायला आले. ऊन उतरलं होतं, बसला अवकाश होता. मी त्यांच्या पाया पडले, तर ते दोन पावलं मागं सरले. म्हणाले, “उगं आसू दे.”

“आप्पा, मी सांगितलं नसतं तर तुमचं काम गेलं असतं.”

“व्हय, गेलं असतं.”

“तुम्हाला माझा संशयही आला नाही?”

ते हसले. “संशय कसला? दुसऱ्या दिशीच कळलंतं. दगड तितंच गवतात पडलंतं. आणि झाकण पुसल्यालं. शेतकरी कधी झाकण पुसतोय व्हय गं?”

म्हणजे तक्रार आली तेव्हा, ठळक वाक्य वाचलं गेलं तेव्हा, रस्त्यात मी भित्र्यासारखी विचारत होते तेव्हा, त्यांना सगळं ठाऊक होतं.

“मग बोलला का नाहीत? नुसतं माझं नाव सांगितलं असतंत तरी सुटला असता.”

आप्पांनी चावी या खांद्यावरनं त्या खांद्यावर घेतली. हायवेवरनं बस येताना दिसत होती. तिच्याकडे बघतच ते म्हणाले, “मी गावचा हाय. माझं काम गेलं तरी गाव मला चहाला बोलवतंय. तू परगावची पोरगी. तुझं नाव निघालं असतं तर एकानं दार उघडलं नसतं तुला. मग तुझा अभ्यास कुणी पुरा केला असता?”

बस आली. मी चढले, खिडकीशी बसले आणि बेळगाव जवळ येईपर्यंत मला तिकीटसुद्धा काढता आलं नाही.