अक्रोडावरचे दोन कागद

सुभेदार म्हणून पेन्शनीवर आलो आणि वर्षभरात सौदीला गेलो. साल २००६. हाइलजवळ पाण्याची पाइपलाइन टाकायचं काम होतं, मी सेफ्टी सुपरवायझर. आमच्या घराण्यातला पहिला ग्रॅज्युएट मी. पलटणीत ड्यूटी करत, बाहेरून परीक्षा देऊन बी.ए. झालो, विषय इतिहास. हे मी छाती काढून सांगतो. पण नकाशावर सर्बिया दाखव म्हटलं असतं, तर बोट चुकलं असतं.

तिथला इतिहास मला ड्रागानने शिकवला. तो सर्बियाचा, आमच्याकडे खोदाईचा फोरमन, त्याच्या देशाच्या फौजेतला माजी सार्जंट. कामावर माझ्याशी भांडायचा आणि चहाला माझ्याच शेजारी बसायचा. त्याचं गाव नदीकाठचं, बाजारपेठेचं. भोवती डोंगरात पाच-सहा वाड्या. तुर्क आले, गेले. पहिल्या महायुद्धात माणसं बर्फातून डोंगर ओलांडून समुद्राकडे निघाली, कितीतरी वाटेतच राहिली. दुसऱ्यात जर्मनांनी दोन वाड्या जाळल्या. मग आपसातलं युद्ध. आता वाड्यांत म्हातारी माणसं आणि कुलपं.

"एवढं सगळं तोंडपाठ?" मी विचारलं.

"तोंडपाठ कशाला? बाजारातल्या अक्रोडावर लावलेलं आहे."

तिकडची रीतच तशी. माणूस गेलं की काळ्या चौकटीचा कागद छापतात. फोटो, नाव, वाडी. तो झाडावर लावतात. जुन्या कागदावर नवा कागद.

मी म्हटलं, "आमच्या चावडीच्या भिंतीतही पहिल्या महायुद्धाचा दगड आहे. गावातून किती गेले, किती पडले, कोरलंय."

"नावं?"

"नावं नाहीत. आकडा."

"आकड्याला आई हाक कशी मारते, सुभेदार?"

मी चहा संपवला.

त्याचा धाकटा भाऊ मिलोश लढाईत बेपत्ता झालेला. आई त्याचा कागद लावू देत नव्हती. कागद लागला की पोरगा मेला. रोज त्याचं ताट वाढायची.

"या सुट्टीत तिला समजावणार," ड्रागान म्हणायचा. "ती गेल्यावर त्याचा कागद कोण लावणार?"

"तू आहेस की."

"हो. मी आहे."

त्या थंडीत एकदा रात्रभर पाऊस झाला. सकाळी मी ट्रेंच तपासत निघालो. ओल्या भागाला लाल फीत बांधत होतो तेवढ्यात पुढून रेडिओवर हाक आली.

"सेफ्टी, सेफ्टी! ट्रेंचची बाजू खचली. माणूस आत. ओव्हर."

आमचा रत्नागिरीचा पाइप फिटर सुर्वे छातीपर्यंत मातीत होता. ड्रागान आधीच काठावर पोचलेला. मी लांबूनच रेडिओवर ओरडलो,

"ड्रागान, थांब. आधाराच्या फळ्या येतायत. ओव्हर."

"त्याला श्वास घेता येत नाही," तो म्हणाला आणि रेडिओ खाली ठेवून उतरला.

मी धावत पोचलो तेव्हा तो हातांनी माती उपसत होता. सुर्वेच्या काखेखालून दोर घेतला, गाठ मारली, वर पाहिलं.

"यल्ला! ओढा!"

सुर्वे वर आला. दोर पुन्हा आत टाकला. तेवढ्यात समोरची बाजूही कोसळली.

आम्ही हातांनी उकरलं. कुणीतरी "खलास" म्हणालं, मी त्याला गप्प केलं. ड्रागानला बाहेर काढला तेव्हा त्याच्या मुठीत दोर होता.

साइटवर झाड नव्हतं. मी काळ्या चौकटीचा कागद छापून आणला आणि त्याच्या हत्यारांच्या कंटेनरला लावला. कागद सुर्वेने धरला होता.

शवपेटी गावी पोचल्यावर ड्रागानच्या बहिणीने ईमेलवर एक फोटो पाठवला. अक्रोडाचं खोड, त्यावर शेजारी शेजारी दोन नवे कागद. ड्रागान. मिलोश. तिने लिहिलं होतं, "आई म्हणाली, थोरल्याला एकट्याला लावू नका. आता ती ताट वाढत नाही."

सुट्टीत गावी गेलो, तेव्हा चावडीतल्या दगडाखाली मी त्या दोघा भावांच्या नावांचा काळ्या चौकटीचा कागद चिकटवला.

सरपंच वाचून म्हणाले, "सुभेदार, ही आपल्या गावची नावं नव्हेत."

"नव्हेत. आपली विचारत हिंडतोय. खाली जागा सोडली आहे."

घरोघरी विचारलं. आजवर तीन मिळाली. धोंडी. सखाराम. बाबू.