तिचा रिपोर्ट माझ्या फोनवर

१२ डिसेंबर, गुरुवार. दुसऱ्या दिवशी पुण्याहून पाहुणे यायचे होते आणि मी मागच्या अंगणात चादरी पिळून दोरीवर टाकत होते. वादळात वाडीतल्या निम्म्या पोफळी आडव्या झाल्या, तेव्हापासून आमचं घर सुपारीवर कमी आणि पाहुण्यांवर जास्त चालतं. खोल्या, हिशेब, बुकिंग माझ्याकडे, स्वयंपाक शेजारणीकडे. मी तिला ताई म्हणते, ती मला वहिनी. तिच्या हातच्या मोदकांसाठी लोक परत येतात. हे मी कधी तिच्यासमोर बोलून दाखवलं नाही, पण पाहुण्यांच्या बोलण्यावरून तिलाही ते कळत असणार.

गाऊनच्या खिशात फोन वाजला. श्रीवर्धनच्या सरकारी दवाखान्याचा मेसेज होता: ताईच्या तपासणीचा रिपोर्ट तयार आहे, पाहण्यासाठी खालच्या लिंकवर जा.

ताईचा रिपोर्ट माझ्या फोनवर का आला, ते सांगायला हवं. शाळेत हेल्थ कार्डाचं शिबिर झालं तेव्हा प्रत्येक कार्डाला मोबाइल नंबर लागत होता. आमच्या आळीत निम्म्या बायाबापड्यांकडे फोन नाही. मुंबईतल्या मुलाचा नंबर दिला तर ओटीपी मुंबईत वाजतो, आणि मुलगा कामावर असतो, फोन उचलत नाही. रांग पुढे सरकेना. मी म्हटलं, माझा टाका. मग एकापाठोपाठ एक सगळ्यांच्या कार्डावर माझाच नंबर चढला. त्या संध्याकाळी आमचे हे म्हणाले, "आता आळीत कुणी शिंकलं तरी तुझाच फोन वाजणार." सगळे हसले. मीही हसले. खरं सांगायचं तर मला ते आवडलं होतं.

ताईला दिवाळीपासून खोकला होता. ती ओवा चघळायची, गरम पाणी प्यायची, आणि दवाखान्याचं नाव काढलं की "थंडीचा हाय, जाईल" म्हणायची. मीच मागे लागून तिला तपासायला पाठवलं होतं. त्यामुळे रिपोर्ट पाहण्याचा आपल्याला हक्क आहे असं मला वाटलं. लिंक उघडली तर आधी ओटीपी मागितला. तोही माझ्याच फोनवर आला. मी हात गाऊनला पुसले आणि अंक टाकले.

क्षयरोग. थुंकीत जंतू सापडले होते.

ताईचं घर कुंपणापलीकडे आहे. तिथूनच हाक मारली असती तरी तिची 'ओ' आली असती. मी हाक मारली नाही. मी म्हसळ्याकडच्या एका मावशींना फोन लावला. लग्नकार्याचा स्वयंपाक करतात त्या.

"मावशी, उद्यापासून चार दिवस येता का? पाहुणे आहेत."

"येते की. पन तुमच्याकडं ती हाय ना? भांडलात काय दोघी?"

"भांडण कसलं."

"मग? न्हाय बाई, दुसरीच्या पोटावर पाय द्यायला मी येनार न्हाय. ती मला उद्या तोंडावर बोलंल."

बाई सरळ होती. चार शब्दांत विषय संपवायचा म्हणून मी सांगून टाकलं, "अहो, तिला टीबी निघालाय. आत्ताच रिपोर्ट आला."

मावशी म्हणाल्या, "अगो बाई. आनि तिची लेक यायचीय ना आठवड्यात, बाळंतपनाला? आमच्याच गावात दिलीय ती."

हे मला ठाऊक होतं. पहिलं बाळंतपण माहेरी. ताईने डिंक आणून ठेवला होता, पुढची खोली सारवली होती, बाजल्याला नवा काथ्या भरला होता. महिनाभर माझ्या ओट्याशी उभी राहून ती दुसरं काही बोलत नव्हती. मी मावशींना म्हटलं, "उद्या सकाळी या, आणि कुणाला बोलू नका हं." आणि फोन ठेवून राहिलेल्या चादरी वाळत घातल्या.

ताईला संध्याकाळी सवडीने, नीट बसवून सांगू, असं मी ठरवलं होतं. अशी बातमी घाईत सांगू नये, असंही स्वतःला समजावलं. मावशींना मात्र घाईतच सांगितली होती.

दिवे लागायच्या सुमाराला ताई आली. रोज ती सरळ स्वयंपाकघरात शिरते. त्या दिवशी धुण्याच्या दगडापाशीच थांबली, तोंडावर पदर धरून.

"वहिनी, मला काय झालंय?"

मी बोलायच्या आत ती म्हणाली, "पोरीचा फोन आला व्हता दुकानात. रडत व्हती. सासू म्हनते, न्हाय धाडनार. आईला टीबी हाय म्हनते. दुकानात चार मानसं उभी. म्हटलं, वहिनींना इचारून येते, मला काय झालंय ते."

मी तिला 'आत ये' म्हटलं नाही. हे मला नंतर जाणवलं. तिथेच, दारात उभी राहून, मी भराभर बोलू लागले: औषध फुकट मिळतं, सहा महिने घ्यायचं, पूर्ण बरं होतं, हल्ली यात काही विशेष राहिलेलं नाही.

"ते न्हाय इचारलं. तुमाला कधी कळलं?"

"दुपारी."

"दुपारी." तिने दोरीवरच्या चादरींकडे पाहिलं. "मी दुपारी घरीच व्हते. वाल निवडत बसले व्हते, तुमच्याच पाव्हन्यांसाठी."

मी म्हटलं, "ताई, बाळ येणार त्या घरात. असा आजार असताना लेकीला आणणं बरं नव्हतंच. तू तरी आणलं असतंस का?"

"न्हाय आनलं असतं. मला अक्कल न्हाय काय?" ती खोकली, पाठ वळवून. खोकला थांबेपर्यंत तशीच उभी राहिली. "मीच सांगितलं असतं तिला. म्हटलं असतं, बाय माझी, औंदा तिकडंच राहा, मी बरी झाले की बाळ बघायला येते. आता सासू सांगते तिला, तुझ्या आईला काय झालंय ते. आयुष्यभर सांगंल."

ताईला काही दिवस स्वयंपाकघरापासून लांब ठेवणं चूक नव्हतं. डॉक्टरांनीही तेच सांगितलं असतं. पण रिपोर्ट वाचल्यावर मला पहिल्यांदा मोदक आठवले, माणूस नाही. आणि मोदकांची सोय लावायला मी तिचा आजार खर्ची घातला. तिची माफी मागायला तोंड उघडलं तर तिने हात वर केला.

"त्या कार्डावरनं तुमचा नंबर काढा."

"काढू ना. उद्या सकाळी श्रीवर्धनला जाऊ, स्कूटरवर नेते तुला. औषधही लगेच चालू—"

"मी यष्टीनं जाईन."

"अगं, पण नंबर बदलायला जुन्या फोनवर ओटीपी येतो. मला यावं लागेल."

"मग फोन धाडा," ताई म्हणाली. "तुमी न्हाय आला तरी चालंल."

आमचे हे आतून सगळं ऐकत होते. "मी घेऊन जाऊ का फोन उद्या?" त्यांनी जेवताना विचारलं. मी नको म्हटलं. मावशींना फोन करून त्यांच्यावर आवाज चढवावा असंही एकदा मनात आलं. पण त्यांनी तेच केलं होतं जे मी केलं होतं, आणि निदान त्यांनी आधी माझ्याशी भांडून पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुण्यांच्या खोल्या उघड्या करून ठेवल्या, मावशींना डब्यांच्या जागा दाखवल्या आणि स्कूटरवरून श्रीवर्धनला गेले. ताई आधीच पोचली होती. डॉक्टरांना भेटून झालं होतं. तोंडाला मास्क, मांडीवर औषधाची पिशवी. बाकावर तिच्या शेजारी जागा होती. मी पलीकडच्या टोकाला बसले.

कॉम्प्युटरवरच्या मुलीने तिला बोलावलं. जुन्या नंबरवर ओटीपी गेलाय, म्हणाली. मी उठून टेबलापाशी गेले आणि अंक वाचून दाखवले. नवा नंबर कोणता? ताईने लेकीचा नंबर तोंडपाठ सांगितला.

"आता त्या फोनवर ओटीपी जाईल," मुलगी म्हणाली. "त्यांना फोन करून विचारा."

मी माझा फोन पुढे केला. ताईने तो घेतला नाही. त्या मुलीला म्हणाली, "बाय, तुमचाच द्या जरा." मुलीने नंबर लावून दिला. ताईने मास्क सारखा केला आणि भिंतीकडे तोंड केलं.

"मी बोलते गं. आई. रडू नको. आदी तुझ्या फोनवर अंक आलेत ते सांग... सांग... व्हय. मग सगळं सांगते तुला. मीच सांगते."

पुढचं ऐकायला मी थांबले नाही. बाहेर येऊन स्कूटरपाशी उभी राहिले. बऱ्याच वेळाने ती पिशवी घेऊन बाहेर आली आणि माझ्यासमोरून एसटी स्टँडकडे चालू लागली, तेव्हा मी तिला हाक मारली नाही.