मॅडम, आज काम चालू होतं का?

मी गोंदियाला लागून असलेल्या मुर्रीत राहते आणि तिरोडा रस्त्यावरच्या एका गावातल्या शाळेत गणित शिकवते. नफा-तोटा हा धडा मी इतक्या वर्गांना शिकवला आहे की आता पुस्तक उघडावं लागत नाही. तरीही त्या शेअरच्या बाबतीत जे झालं ते मला अजून नीट उलगडलेलं नाही. ज्यांना उलगडतं त्यांच्याशी मी बोलून पाहिलं. त्यांचं बोलणं ऐकलं की मी जास्तच गोंधळते.

आमच्या गल्लीत बँकेतून निवृत्त झालेले एक साहेब आहेत. रविवारी सकाळी त्यांच्या व्हरांड्यात चार-पाच जण जमतात आणि शेअर बाजाराबद्दल बोलतात. मी एकदा मुदत ठेवीचा कागद दाखवायला गेले होते. साहेबांनी कागद पाहिला आणि म्हणाले, "एफडी में क्या रखा है, मॅडम? बैठिए, चाय पीजिए." मी बसले. त्या दिवशी एका बांधकाम कंपनीवर चर्चा चालली होती. ही कंपनी आधी रस्ते आणि पूल बांधायची. आता इलेक्ट्रिक बसचे चार्जिंग डेपो बांधते आहे, म्हणून तिला ग्रीन म्हणायचं आणि म्हणून तिचा भाव वाढणार, असं साधारण ते म्हणणं होतं. तिचं एक काम आपल्याच तिरोडा रस्त्यावर आहे, असं कोणीतरी म्हणालं.

"निळ्या पत्र्याचं कुंपण घातलंय ते?" मी म्हणाले. "मी रोज बसमधून बघते."

सगळ्यांनी एकदम माझ्याकडे पाहिलं. मी पन्नाशी ओलांडलेली बाई आहे. माणसांनी बोलायचं थांबून माझ्याकडे असं वळून पाहिल्याचं मला फारसं आठवत नाही.

त्या महिन्यात मी त्या कंपनीचे शेअर घेतले. साहेब ताळेबंद, ऑर्डर बुक, मार्जिन असं बरंच सांगत होते, पण मी त्यातल्या कशासाठीही घेतले नाहीत. जे काम मला डोळ्यांनी दिसतं त्यात पैसे घालायला भीती कसली, एवढाच माझा विचार होता.

त्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये मलाही घेतलं. संध्याकाळी पाचच्या सुमाराला मेसेज यायचा, "मॅडम, आज काम चालू होतं का?" मग मी लिहायचे: दोन मिक्सर होते, खांब सहा झाले, शेडचा सांगाडा ट्रकमधून उतरवला. जाताना मी डावीकडची खिडकी धरायचे आणि येताना उजवीकडची. बाजूला बसलेल्या बाईला उठवून मी खिडकी मागितली, असंही दोनदा घडलं. ग्रुपवर अंगठे यायचे. शाळेत तपासनीस येऊन चांगला शेरा देऊन गेले तेव्हाही मला इतकं बरं वाटलं नव्हतं.

ग्रुपमध्ये मेडिकल दुकान चालवणारी एक बाई होती. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, मला ताई म्हणायची. दुकान मोठं करायला तिने काही पैसे बाजूला ठेवले होते. एक दिवस मी गोळ्या घ्यायला गेले तर पिशवी हातात देत म्हणाली, "ताई, मी पण घेतले. साहेबांचं मला काही समजत नाही. पण तुम्ही डोळ्यांनी बघता ना, म्हणून घेतले." मला अभिमान वाटला. तेव्हाच काळजी वाटायला हवी होती.

दिवाळीनंतर काम थांबलं. आज मजूर नसतील, उद्या येतील, असं करत मी आठवडाभर वाट पाहिली. मग एक दिवस बसमधून मध्येच उतरले आणि कुंपणापाशी गेले. आत एकटा चौकीदार होता. बोदलकशाकडचा, आधी तलावावर मासेमारी करायचा. मी विचारलं, काम का बंद आहे?

"बंद हाय एवढंच मले मालूम, बाई," तो म्हणाला. "काऊन बंद हाय ते मले कायले सांगतील?"

मी ग्रुपवर लिहिलं की काम बंद आहे. दुसऱ्या दिवशी शेअर वाढला. आठवडाभर वाढत राहिला. मला वाटलं मी चुकीच्या कंपनीचा भाव बघते आहे. नाव अक्षर अक्षर जुळवून पाहिलं. बरोबर होतं. रविवारी मी साहेबांना विचारलं की काम बंद असताना भाव कसा वाढतो. ते हसले. "मॅडम, बाजार आज को नहीं देखता. सरकार की नई पॉलिसी आ रही है." मग त्यांनी कंपनीच्या तिमाही कॉलचं, म्हणजे गुंतवणूकदारांशी फोनवर होणाऱ्या बैठकीचं, रेकॉर्डिंग लावलं. मुंबईचे लोक इंग्रजीत प्रश्न विचारत होते आणि कंपनीचे साहेब शांतपणे उत्तरं देत होते. गोंदियाचं नाव येईल म्हणून मी कान देऊन बसले होते. आलं नाही. एकदा फक्त 'पूर्व विदर्भ क्लस्टर' असं ऐकू आलं. साहेब म्हणाले, वो अपना ही है.

त्याच सुमारास माझे मामा अर्जुनी मोरगावहून गाडीने आले. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरची तपासणी होती. माझ्या आजोळच्या लोकांनी पिढ्यान् पिढ्या तलाव बांधले. मामांनी स्वतः तरुणपणी तलावांच्या कितीतरी पाळी, म्हणजे मातीचे बांध, दुरुस्त केले; कुठे किती माती लागेल हे ते पाहून सांगत. डॉक्टरांकडून निघाल्यावर मी म्हणाले, "मामा, एक जागा बघता का?"

"डोळे नवे हायत, दाखव काय दाखवतेस ते," मामा म्हणाले.

चौकीदाराने आत सोडलं. मामांनी चपला काढल्या आणि अनवाणी त्या जागेवरून इकडून तिकडे चालले. एके ठिकाणी बसून मातीचं ढेकूळ उचललं, ओलं करून बोटांत चोळलं. रस्त्याकडे पाहिलं, मागच्या धानाच्या बांध्यांकडे पाहिलं. मग चौकीदाराला विचारलं, "इथं कोनाची बोडी होती गा?" बोडी म्हणजे शेतातलं लहान तळं.

"होती म्हनतात बा जुने लोक," चौकीदार म्हणाला.

मामा माझ्याकडे वळले. "कोनी जागा पाहिली ही? रोवणीच्या दिवसांत मांडीइतकं पानी राहील इथं. तुह्या बसा पोहतील."

घरी येऊन मी ते सगळं ग्रुपवर लिहिलं. 'एका अनुभवी माणसाने जागा पाहिली' असं सुरू करून, जुनी बोडी, चिकण माती, उतार, सगळं. मला ते फार महत्त्वाचं वाटत होतं, कारण मुंबईच्या कोणालाही ते ठाऊक असणं शक्य नव्हतं. थोड्या वेळाने साहेबांचा फोन आला. "मॅडम, ऐसी बातें ग्रुप में मत डालिए. लोग डर जाते हैं."

मेडिकलवाली खरंच घाबरली. दुसऱ्या दिवशी सकाळी बाजार उघडताच तिने सगळे शेअर विकून टाकले. आणि मी, जिने ते लिहिलं होतं, मी एकही विकला नाही.

हे मी लपवत नाही, पण याचं कारणही मला देता येत नाही. मामांच्या शब्दावर माझा पूर्ण विश्वास होता. तरी मोबाइलवर विकायचं बटण समोर आलं की माझं बोट पुढे जाईना. ते खांब मी एकेक करून उभे राहताना पाहिले होते. ते आपलेच आहेत असं काहीतरी झालं असावं. किंवा नुसता लोभ असेल. मला खरंच सांगता येत नाही.

मार्चमध्ये काम पुन्हा सुरू झालं. पावसाळा लागला, रोवणी आली, आणि मामा म्हणाले तसं पाणी साचलं. मांडीइतकं नव्हे, पण गुडघ्याच्या वर नक्की. शेडच्या खांबांमध्ये बेडूक ओरडत होते, एका बगळ्याने मिक्सरवर ठाण मांडलं होतं. मी बसमधून फोटो काढून ग्रुपवर टाकला. आता भाव पडणार, याची मला खात्री होती, आणि माझेही शेअर त्यात असूनसुद्धा मला त्याची वाट पाहावीशी वाटत होती. मामा खरे ठरायला हवे होते.

थोड्या दिवसांनी कंपनीने जाहीर केलं की सरकारकडून जमीन भरून उंच करण्याचं आणि मोठ्या नाल्या बांधण्याचं जादा काम मिळालं आहे. शेअर उसळला.

"म्हणजे पाणी साचलं म्हणून काम वाढलं, आणि काम वाढलं म्हणून भाव वाढला?" मी साहेबांना विचारलं.

"बिलकुल. अब समझीं आप."

"पण जागाच चुकली होती ना?"

"जगह कंपनी ने थोड़े ही चुनी, मॅडम."

मी दोन बोटांत पेन्सिल धरून वहीत बाण काढून पाहिले: पाणी, काम, भाव. प्रत्येक पायरी बरोबर होती. उत्तर मात्र चूक वाटत होतं. विद्यार्थ्याने असं उदाहरण आणलं असतं तर मी पुन्हा सोडव म्हणाले असते.

त्या आठवड्यात मी मेडिकलमध्ये गेले. तिने गोळ्या काढून दिल्या. मी निघताना तिने विचारलं, "ताई, तुम्ही तेव्हा विकले होते का?"

"नाही," मी म्हणाले.

"बरं," ती म्हणाली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली. त्यानंतर मी गोळ्या दुसरीकडून आणू लागले.

थंडीत डेपो सुरू झाला. पताका, नारळ, भाषणं. मी शाळेतली मुलं घेऊन रस्त्याच्या कडेला उभी होते. पहिली इलेक्ट्रिक बस बाहेर पडली तेव्हा आवाज न आल्यामुळे मुलं काही क्षण गप्प राहिली, मग एकदम ओरडली. माझे डोळे भरून आले. जमीन उंच होती, नाल्या कोरड्या होत्या, सगळं ठीक झालं होतं. त्या दिवशी शेअर पडला आणि नंतर बरेच दिवस पडतच राहिला. साहेब म्हणाले, ये तो पहले से भाव में था; म्हणजे डेपो सुरू होणार हे धरूनच भाव आधी वाढला होता. ते स्वतः महिनाभर आधी सगळे शेअर विकून बाहेर पडले होते. ते त्यांनी ग्रुपवर लिहिलं नव्हतं.

मामांना मी फोनवर सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मंग तू रोज तिथं काय पाहून राहिली होतीस वो बाई?"

आता मी शाळेत त्या डेपोतल्या इलेक्ट्रिक बसने जाते. मागच्या महिन्यात मेडिकलवाली बसमध्ये चढली. माझ्या शेजारची जागा सोडून कुठेच जागा नव्हती. ती बसली. बस इतकी शांत असते की न बोलणं फार जाणवतं. शेवटी तिनेच विचारलं, "अजून आहेत तुमच्याकडे?"

"आहेत."

"वाढतील का?"

"मला काहीच कळत नाही गं," मी म्हणाले.

तिने माझ्याकडे पाहिलं. "हेच तेव्हा ग्रुपवर लिहिलं असतं तर झालं असतं ना, ताई."

ती ताई म्हणाली, एवढं मी धरून ठेवलं. माझी शाळा आली तेव्हा तिने पाय आत घेऊन मला वाट दिली. मी उतरले. बस पुढे निघून गेली. मला तिला सॉरी म्हणायचं होतं की समजावून सांगायचं होतं, याचा विचार करत मी फाटकाशी उभी राहिले. तोवर प्रार्थनेची घंटा झाली.