ती ज्या नावाला ओ द्यायची

आयुष्यभर मी दर्यापूरच्या बाजारात भांड्यांवर नावं टाकली. आधी छिन्नी-हातोडीनं, एकेक ठिपका ठोकून. पुढं विजेचं पेन आलं, तेव्हा त्यानं. लग्नसराईत आंदणाच्या भांड्यांचा ढीग दुकानापुढं लागायचा. शिक्षण माझं चौथीपर्यंत. जोडाक्षर अडलं की मागच्या खोलीत बायकोला आवाज द्यायचो. ती सातवी पास. "एवढ्या गावाची नावं टाकता, अन् एक 'कृ' काढता येत नाही तुमाले," असं ती गिऱ्हाइकासमोर म्हणायची. मला राग यायचा. पण 'कृ' ती सांगेल तसाच काढायचो.

ती गेली त्याला वर्ष होत आलं. मी आता अमरावतीला, राजापेठेत, मुलाच्या घरी राहतो. मुलगा नोकरीला अकोल्याला असतो, शनिवारी येतो. बाकीचे दिवस घरात मी आणि सून. तिनं पुढच्या खोलीत लेझरचं यंत्र मांडलं आहे. कॉम्प्युटरवर अक्षरं जुळवायची, बटन दाबायचं, मग यंत्रातला निळा उजेड लाकडावर नाहीतर स्टीलवर नाव जाळत जातो. दारावरच्या पाट्या, चाव्यांचे बिल्ले, शाळेतल्या बक्षिसाच्या ढाली, असं काम येतं तिला. मी पहिल्याच दिवशी बोललो होतो, "हे काय नाव टाकणं झालं? यंत्र टाकते अन् तू पाहत बसते."

"मामाजी, तुमी बी पेनच धरत होते ना," ती म्हणाली. "बोटानं तं नव्हते कोरत."

तेव्हापासून त्या यंत्राचं आणि माझं जमलं नाही.

वर्षश्राद्धाला येणाऱ्या बायांना बायकोच्या नावाची एकेक वाटी द्यायचं ठरलं. नाव मीच टाकणार, असं मी सगळ्यांना सांगून बसलो होतो. जुनं पेन काढलं. हात असा थरथरला की पहिल्या वाटीवर कोंबडी चालून गेल्यासारखं झालं. दुसरीही वाया गेली. उरलेल्या वाट्या सुनेपुढं नेऊन ठेवल्या. म्हणालो, "टाक तुझ्या यंत्रानं." तिनं एका शब्दानं टोमणा मारला नाही. मारला असता तर बरं वाटलं असतं.

श्राद्ध परवावर आलं होतं. सकाळी सून अंघोळीला गेली, तेव्हा माझ्या मनात आलं, आज त्या टेबलावर बायकोच्या वाट्यांचं काम व्हायचं आहे, तर टेबल स्वच्छ असावं. कॉम्प्युटर उचलला, त्यात खोचलेली यंत्राची वायर काढली, ओल्या फडक्यानं सगळं पुसून घेतलं. कॉम्प्युटरला तशी तीन भोकं दिसली. जे हाताला जवळ आलं त्यात वायर खोचून दिली. वायर तीच, भोकंही सारखीच. मला वाटलं, झालं.

सून येऊन बसली. वाटी यंत्राखाली ठेवली, डोळ्यांना हिरवा चष्मा लावला, बटन दाबलं. यंत्र हललं नाही.

तिनं यंत्राचा दिवा पाहिला. लागलेला होता. पंखा फिरत होता. अडीअडचणीत दाबायचं ते लाल बटन चुकून दाबलेलं राहिलं का, तेही पाहिलं. यंत्र बंद करून चालू केलं, मग कॉम्प्युटर बंद करून चालू केला. वायर खराब झाली असेल म्हणून मोबाइलची वायर आणून लावली. काही नाही. मग ज्यानं यंत्र विकलं त्या अकोल्याच्या माणसाला फोन लावला आणि आवाज मोठा करून टेबलावर ठेवला.

"ताई, थे मोबाइलची वायर पहिले काढा," तो म्हणाला. "तिच्यातून करंट जाते, बात नाही जात. मशीनसंगं आली ना, थेच लावा."

तिनं आधीची वायर पुन्हा लावली. आधी होती त्याच भोकात, म्हणजे मी खोचली होती त्यात.

"वायर कोणी काढली-बिढली होती काय?"

"नाही भाऊ. मशीनले माझ्याशिवाय कोणी हातच लावत नाही."

मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलो होतो. तेव्हाच बोलायला पाहिजे होतं. वर्षभर ज्या यंत्राला नावं ठेवली, ते आपल्याच हातानं बिघडलं, हे सुनेपुढं कसं सांगावं? तो अकोल्याहून सांगत गेला, ती करत गेली. स्क्रीनवर एक खिडकी उघडायची, एक बंद व्हायची. तासभर गेला. सुनेच्या कपाळावर घाम आला होता, आणि ती मधूनमधून माझ्याकडं पाहून म्हणायची, "होईन मामाजी, होईन."

शेवटी तो म्हणाला, "ताई, मशीन अकोल्याले पाठवा. चार-पाच दिवसांत पाहून देतो."

"परवा लागते भाऊ. घरचं काम हाय. सासूबाईंचं."

"आता मी काय करू? कॉम्प्युटर मशीनले ओळखूनच नाही राह्यलं."

हेच वाक्य मी याआधी दवाखान्यात ऐकलं होतं. बायकोच्या डोक्यात रक्ताची गाठ झाली, त्यानंतर डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले होते, "बाबा, त्या तुम्हाला ओळखत नाहीत, मनाला लावून घेऊ नका." घरात मी तिला सारी हयात 'अवं' म्हणालो. दवाखान्यात नावानं हाक मारायला शिकलो. लग्नात तांदळात अंगठीनं लिहिलेलं, मी ठेवलेलं नाव. त्या नावानं दिवसातून किती वेळा हाक मारली असेल. ती भिंतीकडं पाहत राहायची. भात भरवला तर खायची, पण कोण भरवतो ते पाहायची नाही.

मग एक दिवस वरूडहून तिचा थोरला भाऊ आला. त्यानं दारातूनच तिच्या माहेरच्या नावानं हाक मारली. तिनं झटक्यात मान वळवली. "आला काय दादा? संत्रे आणले?"

मला आनंद व्हायला पाहिजे होता. मला राग आला. भाऊ म्हणाला, "जवाईबुवा, तुमी बी याच नावानं आवाज द्या ना. ओ देते थे." मी म्हणालो, "माह्या घरात मी ठेवलेलंच नाव चालन." असं बोललो मी. आणि नाही मारली त्या नावानं हाक. तो गेल्यावर खोलीत दोघंच असायचो तेव्हासुद्धा नाही. पंधरा दिवसांनी ती गेली. माझ्या हाकेला ओ दिली नाही, आणि त्यात तिचा काही दोष नव्हता.

सून फोन ठेवायला निघाली तेव्हा मी म्हणालो, "वायर मी काढली होती."

तिनं चष्मा वर केला. "कधी?"

"सकाळी. टेबल पुसलं तेव्हा."

"बाप्पा! मग इतका वेळ बोलले काहून नाही?"

फोनवरून आवाज आला, "कोण होय ताई?"

"मामाजी होत."

"काका, वायर होती त्याच भोकात लावली का दुसऱ्या?"

"कोणत्या भोकात होती ते मले काय ठाऊक? जवळच्यात लावली."

तो हसायलाच लागला. "अरे, हो गया काम! ताई, भोक बदललं का कॉम्प्युटर मशीनले दुसरा नंबर देते. स्क्रीनवर वरच्या कोपऱ्यात पहा, कोणता नंबर हाय?"

"तीन."

"त्याच्यावर दाबा. खाली अजून एखादा दिसते?"

"पाच दिसते."

"पाच घ्या. मशीन बसली हाय पाचवर, अन् तुमी घंटाभर तीन नंबरले आवाज देऊन राह्यल्या. थे ओ कशी देईन?"

तिनं पाच घेतला. यंत्र घर्र करून जागं झालं, त्याचं डोकं सरकत सरकत कोपऱ्यात जाऊन थांबलं.

"ओळखलं," सून म्हणाली आणि पदरानं कपाळ पुसलं.

तिनं श्राद्धाची पत्रिका समोर घेऊन त्यावरचं नाव टाइप केलं. खाली 'स्मरणार्थ'. स्क्रीनवर मोठ्या अक्षरांत ते दिसलं. मी ठेवलेलं नाव.

"थांब," मी म्हणालो. "हे नाही. तिचं मायेरचं टाक."

"पत्रिकेत तं हे छापलं मामाजी. बाया म्हणतीन, कोणाच्या वाट्या वाटून राह्यले हे?"

"म्हणू दे. सगळ्या गावाच्या बायांची नावं टाकली मी. घरच्या भांड्यांवर माह्यंच नाव हाय, गंजापासून पळीपर्यंत. तिचं एकाही भांड्यावर नाही. आता एक टाकायचं तं तिचं तिले कळन असं टाक."

सुनेनं टाइप केलेलं नाव पुसलं. मग म्हणाली, "लग्नात माह्यं बी नाव तुमीच बदललं."

"मायेरी काय म्हणत तुले?"

तिनं सांगितलं.

"चांगलं होतं."

"होतं नाही, हाय. माय अजून फोनवर त्याच नावानं बोलते." एवढं बोलून ती, सासूच्या भावाकडून ऐकलं होतं ते नाव टाइप करायला लागली आणि दोन अक्षरांवर थांबली. "सासूबाईंच्या नावातली शेवटची वेलांटी कशी हो? ऱ्हस्व का दीर्घ?"

मला माहीत नव्हतं. इतकी नावं टाकली, पण ते नाव माझ्या हातून कधी उमटलंच नव्हतं. आणि असं अडलं की जिला विचारायचो, ती मागच्या खोलीत नव्हती.

वरूडला फोन लावला. तिचा भाऊ संत्र्याच्या बगिच्यात होता, मागं ट्रॅक्टरचा आवाज येत होता. मी विचारलं. त्याला आधी कळेचना. "कोणतं नाव, जवाईबुवा?"

मी सांगितलं. ते नाव पहिल्यांदा माझ्या तोंडून निघालं, तेही ट्रॅक्टरवरून ऐकू जावं म्हणून ओरडून.

तिकडं त्यानं ट्रॅक्टर बंद करायला लावला. मग म्हणाला, "दीर्घ. थे दीर्घच लिवे. मास्तरानं मारलं तरी दीर्घच लिवे."

सुनेनं दीर्घ केलं. बटन दाबलं. निळा ठिपका वाटीवरून फिरत गेला. त्याकडं उघड्या डोळ्यांनी पाहू नका, असं तिनं दोनदा बजावलं, म्हणून मी खिडकीकडं पाहत राहिलो. आवाज थांबल्यावर तिनं वाटी फडक्यानं पुसून माझ्या हातात दिली. अक्षरं काळी, सरळ, एकही हललेलं नाही. मी वेलांटीवरून अंगठा फिरवला.

मग त्या नावानं हाक मारली. दुकानातून मागच्या खोलीत मारायचो, तेवढ्या आवाजात.

सुनेनं मान वळवली नाही. दुसरी वाटी यंत्राखाली ठेवली, नीट सरकवली आणि बटन दाबलं.